भाड्याने दिलेले घर आणि प्राप्तिकर: नागपूरच्या घरमालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बोलताना आपण किराया आणि किरायेदार म्हणतो. करारात आणि रिटर्नमध्ये भाडे आणि भाडेकरू असतात. खालची उत्तरे निवासी घर, वरचा मजला, फ्लॅट किंवा छोटे दुकान भाड्याने देणाऱ्या वैयक्तिक मालकांसाठी आहेत. कायद्याचे आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत. १ एप्रिल २०२६ पासून प्राप्तिकर अधिनियम, २०२५ लागू झाला. त्यात कलमांचे क्रमांक बदलले, पण घरभाड्याच्या उत्पन्नाची मूळ मांडणी तीच राहिली.

घरभाड्यावरचा कर नेमका कसा मोजतात? त्यावरूनच कोणते कागद लागतील ते कळेल ना?

हो, सुरुवात इथूनच करावी. वर्षाच्या भाड्यातून त्या वर्षात तुम्ही प्रत्यक्ष भरलेला मनपाचा मालमत्ता कर वजा होतो. उरलेल्या रकमेवर सरसकट ३० टक्के वजावट मिळते. त्यानंतर गृहकर्जाचे व्याज वजा होते. राहील ते घरापासूनचे उत्पन्न.

समजा त्रिमूर्तीनगरातला फ्लॅट महिना १८,००० रुपयांनी दिला आहे. जुना भाडेकरू मे महिन्यात गेला आणि नवा जुलैत आला, म्हणजे जून रिकामा गेला. ११ महिन्यांचे भाडे १,९८,००० झाले. मनपाचा कर ९,००० भरला, उरले १,८९,०००. त्याचे ३० टक्के म्हणजे ५६,७००, ते वजा जाता १,३२,३००. कर्ज नसेल तर हेच उत्पन्न. कर्जाचे व्याज १,६०,००० असेल तर उलट २७,७०० चा तोटा दिसेल.

या उदाहरणातल्या प्रत्येक आकड्यामागे कागद हवा: भाड्यासाठी करार आणि बँकेच्या नोंदी, जूनच्या रिकाम्या महिन्यासाठी घर सोडल्याचा आणि नव्याने दिल्याचा पुरावा, करासाठी मनपाची पावती, व्याजासाठी बँकेचा दाखला. ३० टक्क्यांसाठी मात्र एकही बिल लागत नाही.

मग रंगरंगोटी, प्लंबर, सोसायटीचा मेंटेनन्स, दलाली यांची बिले कशाला ठेवायची?

वार्षिक हिशेबासाठी ती लागत नाहीत. दुरुस्तीवर शून्य खर्च झाला तरी ३० टक्के मिळतात आणि पन्नास टक्के झाला तरी ३० टक्केच. दलाली, विम्याचा हप्ता, सोसायटीचा मेंटेनन्स, चौकीदाराचा पगार हे सगळे त्यातच आले. वेगळे मागितले तर नामंजूर होईल.

तरीही बिले सरळ फेकू नका. त्यांचे दोन गठ्ठे करा. रंग, नळ, पंखा, गळती या चालू दुरुस्तीची बिले दोन-तीन वर्षांनी काढून टाकली तरी चालतील. नवी खोली, वरचा मजला, बोअरवेल, जिना, कंपाउंड वॉल, स्लॅब अशा कायमच्या बांधकामाची बिले घर विकेपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे जपायची. घर विकताना भांडवली नफा काढतात, तेव्हा हा खर्च सुधारणेचा खर्च म्हणून धरला जातो. २००९ मध्ये वरच्या मजल्यावर केलेला सहा लाखांचा खर्च बिलाअभावी दाखवता आला नाही, तर त्या सहा लाखांवर कर भरावा लागतो. नुसता ठेकेदाराचा कागदी अंदाज पुरेसा नसतो. त्याला दिलेल्या रकमेची बँक नोंद, सिमेंट-लोखंडाची बिले आणि बांधकामाचा मंजूर नकाशा एकत्र ठेवा.

मालमत्ता कराच्या पावतीत काय तपासायचे?

तीन गोष्टी. पहिली, पावतीवरचा इंडेक्स नंबर (मनपाने घराला दिलेला कराचा क्रमांक) तुमच्याच घराचा आहे ना. एकाच लेआउटमधल्या शेजारी प्लॉटचे नंबर सारखेच दिसतात आणि ऑनलाइन भरताना चूक होते. दुसरी, पैसे भरल्याची तारीख. मागणीपत्र कोणत्या वर्षाचे आहे याला महत्त्व नाही, तुम्ही पैसे कधी भरले याला आहे. २०२३-२४ ची थकबाकी तुम्ही डिसेंबर २०२५ मध्ये भरली, तर ती वजावट २०२५-२६ मध्ये मिळते. मागणीपत्र आले पण पैसे ३ एप्रिलला भरले, तर ती वजावट पुढच्या वर्षात गेली. तिसरी, थकबाकीवर लागलेली शास्ती. ती कर नाही, दंड आहे, म्हणून वजावटीत धरू नका. पावतीत कराची रक्कम वेगळी आणि शास्ती वेगळी दिसते. दोन्हीची बेरीज करून रिटर्नमध्ये लिहिणे ही नेहमी होणारी चूक आहे.

कर भाडेकरूने भरला असेल तर मालकाला वजावट नाही. करारात 'कर भाडेकरू भरेल' असे लिहून वर स्वतः वजावट घेणाऱ्यांना चौकशीत उत्तर देता येत नाही.

सुधार प्रन्यासचे भूभाटक आणि विकास शुल्क वजा होते का?

नागपूरसाठी हा प्रश्न खास आहे, कारण इथले कितीतरी प्लॉट नागपूर सुधार प्रन्यासच्या लीजवर आहेत. भूभाटक हे लीजच्या जमिनीचे भाडे आहे, स्थानिक संस्थेचा कर नाही, म्हणून भाड्यातून वजा होत नाही. ते ३० टक्क्यांतच सामावले. प्लॉट नियमित करताना भरलेल्या विकास शुल्काची पावती आणि नियमितीकरणाचे पत्र मात्र घर विकण्याच्या फाइलमध्ये ठेवा. तो घराच्या किमतीशी जोडलेला खर्च आहे. पाण्याचे मीटरप्रमाणे येणारे बिल आणि महावितरणचे वीजबिल हे वापराचे पैसे आहेत, कर नव्हेत.

खाली आम्ही राहतो, वर भाडेकरू. हिशेब कसा विभागायचा?

नागपुरातल्या स्वतंत्र घरांत सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पूर्ण घराचा कर आणि पूर्ण कर्जाचे व्याज भाड्यातून वजा केले जाते, ते बरोबर नाही. राहता भाग आणि भाड्याचा भाग ही हिशेबापुरती दोन घरे समजायची.

विभागणी बांधकामाच्या क्षेत्रफळावर करा. तळमजला १,००० चौरस फूट, वरचा मजला ६०० चौरस फूट, एकूण १,६००. भाड्याचा वाटा ६०० भागिले १,६००, म्हणजे ३७.५ टक्के. मनपाचा कर १६,००० भरला असेल तर भाड्यातून ६,००० वजा होतील. कर्जाचे व्याज २,४०,००० असेल तर भाड्याच्या भागाला ९०,००० आणि राहत्या भागाला १,५०,०००. भाड्याच्या भागाचे व्याज पूर्ण वजा होते. राहत्या भागाचे व्याज जुन्या करप्रणालीत २ लाखांपर्यंत मिळते, नव्या प्रणालीत अजिबात नाही. कर्ज फक्त वरचा मजला बांधण्यासाठी घेतले असेल आणि बँकेच्या मंजुरीपत्रात तसे लिहिले असेल, तर व्याज विभागायची गरज नाही. ते सगळे वरच्या मजल्याचे. म्हणून मंजुरीपत्र जपा. नुसत्या व्याजाच्या दाखल्यावर कर्जाचा उद्देश लिहिलेला नसतो.

एकदा काढलेले प्रमाण मंजूर नकाशाच्या झेरॉक्सवर लिहून, तारीख घालून फाइलमध्ये लावा. दरवर्षी तेच वापरा. एका वर्षी ३७.५ आणि पुढच्या वर्षी ५० टक्के दिसले की प्रश्न येणारच.

भाडे रोख घेतले तर चालते का?

घरभाडे रोखीत घेण्यावर सरसकट बंदी नाही. पण एका व्यक्तीकडून एका दिवसात, एका व्यवहारात किंवा एकाच प्रसंगासंबंधी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही. घेतल्यास तेवढाच दंड आहे. वर्षाचे भाडे एकदम रोखीत घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. अनामत रकमेचा नियम आणखी कडक आहे. २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त डिपॉझिट रोखीत घेऊ नका आणि परतही करू नका. दोन्ही बँकेतूनच करा.

रोख भाड्याची पावती द्या. ५,००० च्या वरच्या रोख पावतीवर १ रुपयाचे रेव्हेन्यू स्टॅम्प लावा, सही त्यावर येऊ द्या, आणि पावतीपुस्तकाची कार्बन प्रत स्वतःकडे ठेवा. पावतीवर महिना लिहा. नुसते 'भाडे मिळाले' लिहिलेली पावती निम्मे काम करते.

यूपीआयने भाडे येते, मग वेगळी वही हवीच का?

हवी. बँकेच्या नोंदीत पैसे आले एवढेच दिसते, ते कशाचे हे दिसत नाही. एका फ्लॅटमध्ये तीन मुले राहत असतील तर तिघांचे तीन ठिकाणांहून पैसे येतात. एखाद्याचे वडील गोंदियाहून पाठवतात, एखादा दोन महिन्यांचे एकदम टाकतो, त्यातच विजेचे पैसेही मिसळतात. मार्चअखेर खातेउतारा समोर घेऊन बसलात की काहीच जुळत नाही.

वहीत किंवा एक्सेलमध्ये सात रकाने पुरतात: महिना, ठरलेले भाडे, मिळालेली तारीख, मिळालेली रक्कम, कोणाकडून आणि कसे, विजेचे किंवा इतर पैसे, शेरा. महिन्याला एक ओळ. ठरलेले भाडे आणि मिळालेली रक्कम वेगळ्या रकान्यांत हवी, कारण कर ठरलेल्या भाड्यावर असतो. मार्चचे भाडे ५ एप्रिलला आले तरी ते मार्चचेच, त्याच आर्थिक वर्षाचे. जमेल तर भाड्यासाठी एक वेगळे बचत खाते ठेवा. निम्मे काम तिथेच होते.

भाडेकरूने मोटर दुरुस्त केली आणि तेवढे पैसे भाड्यातून कापले. कोणती रक्कम लिहायची?

पूर्ण भाडे. १५,००० भाडे आहे, बोअरच्या मोटरचे ३,२०० त्याने दिले आणि तुम्हाला ११,८०० पाठवले, तरी तुमचे भाडे १५,०००. तो ३,२०० चा खर्च तुमचा झाला आणि दुरुस्ती ३० टक्क्यांत आली. खात्यात आलेली रक्कम बेरजेत घेणारे वर्षभरात सहज १०-१५ हजार कमी दाखवतात. इकडे भाडेकरू एचआरएसाठी (पगारातल्या घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी) मालकाचा पॅन देऊन पूर्ण १५,००० दाखवतो. वर्षाचे भाडे १ लाखाच्या वर असेल तर नोकरदाराला मालकाचा पॅन द्यावाच लागतो, त्यामुळे दोन आकड्यांतला फरक कळणे अवघड नाही. वहीत १५,००० आणि शेऱ्यात 'मोटर दुरुस्ती ३,२०० वळते' असे लिहा, बिलाचा फोटो सोबत ठेवा.

डिपॉझिट उत्पन्न आहे का?

परत करायचे आहे तोवर नाही. पण शेवटचे दोन महिने भाडे न देता 'डिपॉझिटमधून कापून घ्या' असे ठरले, तर ती रक्कम त्या महिन्यांचे भाडे झाली आणि उत्पन्नात धरायची. तुटलेले सिंक किंवा रंगकाम यासाठी कापले तर घर सोडतानाचा हिशेब एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या आणि कामाचे बिल जोडा. हा कागद नसेल तर कापलेली रक्कम भाडे नव्हती हे पुढे सिद्ध करणे अवघड जाते.

करार नोंदवलाच पाहिजे का? नोटरी पुरत नाही?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. चूक झाल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. मुद्रांक शुल्क एकूण भाडे आणि डिपॉझिटवरचे १० टक्के वार्षिक मानीव व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के, आणि मनपा हद्दीत नोंदणी फी १,०००. ऑनलाइन नोंदणी घरबसल्या होते. पाचशे रुपयांच्या स्टॅम्पवर नोटरी करून वाचणारे पैसे फार थोडे आहेत.

कराच्या दृष्टीने करारात चार गोष्टी स्पष्ट हव्यात: भाडे कोणत्या तारखेपासून, वाढ किती आणि कधी, मालमत्ता कर कोण भरणार, आणि फर्निचर किंवा इतर सोयींचे पैसे वेगळे आहेत का.

भाडेकरू टीडीएस (भाडे देतानाच कापला जाणारा कर) कापतो म्हणतो. ते कधी लागू?

घरगुती भाडेकरू, म्हणजे ज्याला कर लेखापरीक्षण लागू नाही अशी व्यक्ती, महिन्याला ५०,००० च्या वर भाडे देत असेल तर त्याने २ टक्के कापायचे. हा दर १ ऑक्टोबर २०२४ पासून आहे, आधी ५ टक्के होता. कपात वर्षातून एकदा, मार्चमध्ये किंवा घर सोडण्याच्या महिन्यात. त्याला टॅन नंबर (कर कापणाऱ्याचा क्रमांक) लागत नाही. २०२५-२६ साठी तो फॉर्म २६क्यूसी भरून पैसे जमा करतो आणि तुम्हाला फॉर्म १६सी देतो. तो मागून घ्या.

कंपनी, बँक किंवा मोठा व्यापारी भाडेकरू असेल तर दर १० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा महिन्याला ५०,०००. सीताबर्डीतल्या दुकानाचे भाडे ६०,००० असेल तर खात्यात ५४,००० येतील. वहीत ६०,००० लिहा, टीडीएसचा रकाना वाढवा. ५४,००० ला बारा महिन्यांनी गुणून रिटर्न भरले तर एआयएसमधल्या (प्राप्तिकर विभागाकडच्या वार्षिक माहिती पत्रकातल्या) ७,२०,००० शी ते जुळणार नाही आणि नोटीस येईल. दर तीन महिन्यांनी फॉर्म २६एएस उघडून कापलेले पैसे तुमच्या पॅनवर जमा झाले का ते बघा. पॅनचा एक अंक चुकला की पैसे दुसऱ्याच्या नावावर जातात, आणि भाडेकरू घर सोडून गेल्यावर दुरुस्ती करवून घेणे फार कठीण होते.

मालक परदेशात आहे, घर नागपुरात आहे. तेव्हा?

मालक अनिवासी असेल तर ५०,००० ची मर्यादा लागू होत नाही. भाडे १२,००० असले तरी भाडेकरूने टीडीएस कापायचा असतो, साधारण ३१.२ टक्के, आणि त्यासाठी टॅन घेऊन तिमाही विवरणपत्र भरायचे असते. बहुतेक भाडेकरूंना हे माहीतच नसते. मुलगा अमेरिकेत आणि भाडे वडील गोळा करतात अशा घरांत करार कोणाच्या नावाने आहे हे आधी पाहा. मालकाचे एकूण उत्पन्न कमी असेल तर कमी दराने कपातीचा दाखला प्राप्तिकर विभागाकडून आधीच घेता येतो.

घर नवरा-बायको दोघांच्या नावावर आहे, भाडे एकाच खात्यात येते.

खाते कोणाचे हे महत्त्वाचे नाही, हिस्सा महत्त्वाचा. खरेदीखतात हिस्से लिहिले असतील तर दोघांनी आपापल्या हिश्शाचे भाडे, कर आणि व्याज दाखवायचे. खरेदीखत गप्प असेल तर प्रत्येकाने किती पैसे घातले त्याचा पुरावा ठेवा. संपूर्ण पैसा नवऱ्याचा आणि घर नुसते पत्नीच्या नावावर असेल तर भाडे सहसा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरले जाते.

वडील गेले आणि आखीव पत्रिकेवर (मालमत्ता पत्रकावर) अजून त्यांचेच नाव आहे, तरी भाड्यावरचा कर थांबत नाही. वारसा मृत्यूच्या दिवशी सुरू होतो, नामांतर होईल तेव्हा नाही. हिंदू कुटुंबात मृत्यूपत्र नसेल तर आई, मुलगे आणि मुली यांचे हिस्से समान, आणि प्रत्येकाने आपापला हिस्सा दाखवायचा. भाडे एक भाऊ गोळा करत असेल तर त्याने इतरांना वाटा दिल्याच्या बँक नोंदी ठेवाव्यात. नाहीतर सगळे त्याचेच उत्पन्न दिसते.

तोटा दिसला तर फायदा होतो का?

जुन्या करप्रणालीत पगार किंवा पेन्शनमधून वर्षाला २ लाखांपर्यंत वळता होतो, उरलेला ८ वर्षे पुढे नेता येतो. नव्या प्रणालीत घराचा तोटा पगारातून वळता होत नाही. व्याजाचा दाखला एप्रिलनंतरचा अंतिम घ्या. जानेवारीतला दाखला अंदाजाचा असतो आणि मधे व्याजदर बदलला की आकडा चुकतो. नातेवाइकाकडून व्याजाने पैसे घेऊन घर बांधले असेल तर त्याचे व्याजही वजा होते, पण त्याच्या सहीचा, पॅन असलेला दाखला हवा.

जीएसटीचा संबंध येतो का?

राहण्यासाठी, जीएसटी नोंदणी नसलेल्या भाडेकरूला दिलेल्या घरावर जीएसटी नाही. दुकान किंवा कार्यालयाच्या भाड्यासह तुमची एकूण उलाढाल वर्षाला २० लाखांच्या वर गेली तर नोंदणी आणि १८ टक्के लागतो.

आगाऊ कर भरावा लागतो का?

टीडीएस वजा जाता कर १०,००० किंवा जास्त निघत असेल तर हो. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५ आणि १५ मार्चपर्यंत पूर्ण. वय ६० किंवा जास्त असून व्यवसायाचे उत्पन्न नसेल तर यातून सूट आहे. पेन्शन आणि वरच्या मजल्याचे भाडे यावर चालणाऱ्या ज्येष्ठांनी उगाच व्याज भरू नये.

कागद किती वर्षे आणि कसे ठेवायचे?

वार्षिक कागद, म्हणजे करार, पावत्या, खातेउतारे, व्याजाचे दाखले, किमान सात वर्षे. कर आकारणी वर्ष (आर्थिक वर्षानंतरचे वर्ष) संपल्यावर साधारणपणे ३ वर्षे ३ महिने, आणि लपलेले उत्पन्न ५० लाख किंवा जास्त असेल तर ५ वर्षे ३ महिने नोटीस येऊ शकते. खरेदीखत, मुद्रांक व नोंदणीच्या पावत्या, नकाशा, बांधकामाची बिले कायमची. घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल तर त्या तारखेचे मूल्यांकन मान्यताप्राप्त मूल्यांककाकडून करून ठेवा. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेले घर विकताना निवासी व्यक्तीला इंडेक्सेशनसह (महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून) २० टक्के किंवा त्याशिवाय १२.५ टक्के यातला कमी कर निवडता येतो, आणि ती तुलना जुन्या कागदांशिवाय करताच येत नाही.

हार्डवेअरच्या दुकानातली गुळगुळीत कागदाची छापील बिले माळ्यावरच्या पेटीत ठेवू नका. नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली ती काळी पडतात. आणल्या दिवशी झेरॉक्स काढा, फोटो घ्या आणि फाइलचे नाव वर्ष, घर, काम असे द्या, जसे '२०२५ त्रिमूर्तीनगर बोअर'.

मागच्या दोन-तीन वर्षांचे भाडे दाखवलेच नाही. आता काय?

अद्ययावत रिटर्न भरता येते, कर आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत. कर आणि व्याजावर पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, २४ पर्यंत ५०, ३६ पर्यंत ६० आणि ४८ पर्यंत ७० टक्के जादा भरावे लागतात, म्हणून सगळ्यात जुने जे वर्ष मुदतीच्या काठावर आहे ते आधी आणि बाकीची लगेच उरका. सुरुवात बँकेपासून करा: त्या वर्षांचे खातेउतारे काढा, भाड्याच्या नोंदींवर खूण करा, करारातल्या रकमेशी ताडून पाहा, आणि जिथे महिना रिकामा दिसतो तिथे घर खाली होते की भाडे रोख आले होते ते आठवून लिहा. मनपाच्या जुन्या पावत्या इंडेक्स नंबर दिल्यास झोन कार्यालयातून मिळवण्याचा प्रयत्न करा. त्या मिळेपर्यंत कराची वजावट घेऊ नका.